नेस्तोरीने घासून काढलेला शिक्का

माझा भाऊ नेस्तोरी साल्मेला लाकूडगिरणीत करवतींना धार लावायचा. तेहतीस वर्षं. पात्यावर टिचकी मारून तो नुसत्या आवाजावरून सांगायचा की अमुक ठिकाणचा दात बोथट झालाय. शहरातून इंजिनिअर यायचे, मोजमापाची यंत्रं घेऊन, आणि संध्याकाळी शेवटी त्यालाच विचारून जायचे. पगार वाढायचा तो मात्र इंजिनिअरांचा. मीही त्याच गिरणीत होते, आणि हे युनियनच्या सभेत बोलले की नेस्तोरी मागच्या बाकावर बसून स्वतःचे बूट बघायचा. आपल्याबद्दल कुणी मोठ्याने बोललेलं त्याला सोसायचं नाही.

आमच्या मुस्तालाहती गावात जाती दोनच. जमीनवाले आणि बिनजमिनीचे. आता तसं काही राहिलं नाही असं ज्याला वाटतं त्याने ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीला येऊन बघावं. एल्क म्हणजे घोड्याहून उंच जनावर, पण कायद्याने ते ज्याच्या जंगलात उभं त्याच्या हक्काचं. म्हणून शिकार मंडळात सभासद सगळे जमीनवाले. बिनजमिनीचे हाकारे. कमरेइतक्या दलदलीतून, ओल्या झुडपांतून ओरडत जायचं, आणि पलीकडे कोरड्या टेकाडावर मालक लोक बंदूक मांडीवर घेऊन थर्मासमधली कॉफी पीत बसलेले. नेस्तोरी सतरा वर्षं हाकाऱ्यात होता.

जनावर पडलं की मांसाचे वाटे पडतात. एक माणूस पाठ फिरवून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर काठी टेकवून विचारतो, हा कुणाचा? पाठमोरा माणूस एकेक नाव घेत जातो. कोणता वाटा मोठा, कोणता हाडकांचा, हे त्याला दिसत नाही, म्हणून कुणावर अन्याय नाही. फार न्यायाची पद्धत. फक्त हाकाऱ्यांची नावं त्यात नसतात. त्यांच्यासाठी बाजूला बादली असते, तिच्यात नडग्या आणि मान.

नेस्तोरीला मांसाचं अप्रूप नव्हतं. त्याची बायको लेम्पी तर म्हणायची, एल्कचं मांस शिजता शिजता आपणच म्हातारं व्हायचं. त्याला हवं होतं ते त्याने मला एकदाच सांगितलं, बटाटे काढताना, माझ्याकडे न बघता. कुणीतरी पाठ फिरवून उभं राहावं आणि आपलं नाव घ्यावं. एवढंच.

बासष्ट साली मंडळाने दार किलकिलं केलं. दया आली म्हणून नव्हे. एल्क वाढले होते आणि मालकांची पाइनची रोपं ओरबाडून खात होते. बंदुका कमी पडायला लागल्या. तेव्हा ठरलं की बिनजमिनीच्या माणसालाही सभासद करता येईल. अटी तीन. स्वतःची बंदूक हवी, तिचा परवाना हवा, आणि मंडळाच्या नेमबाजीत चार गोळ्या जागच्या जागी लागायला हव्यात.

नेस्तोरीने लष्कराच्या डेपोतून काढून टाकलेली एक बंदूक घेतली. ग्रीसमध्ये बुडवून कागदात गुंडाळलेली. टेबलावर ठेवली तर मेलेल्या माशासारखी दिसली. नळी आतून उंदरांनी कुरतडल्यासारखी, दस्त्याला चिरा, बोल्टचा, म्हणजे गोळी आत सरकवायच्या खिटीचा, दांडा सरळ बाहेर आलेला, आणि पुढे संगिनीची खोबण. मी म्हटलं, हिच्यापेक्षा काठी घेऊन जा, निदान एल्कला हसू येईल.

पण त्याचे हात मला ठाऊक होते. रविवार आला की तो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत शिरायचा, ते जेवायलाच बाहेर. नळी त्याने शहरातल्या बंदूकवाल्याकडून आतून मोठी करून आणली, आठ पूर्णांक दोन मिलिमीटरच्या जाड गोळीला बसेल अशी. झिजलेल्या लष्करी नळ्यांचं आमच्याकडे असंच करतात, खराब आटे कापून निघून जातात. बाकी सगळं त्याने केलं. पुढचं लांबडं लाकूड कापलं. बोल्टचा दांडा भट्टीत लाल करून खाली वाकवला, म्हणजे हात आपसूक त्यावर पडतो. नवा दस्ता गाठीदार बर्चचा कोरला, आत तपकिरी ज्वाळा असतात तसल्या लाकडाचा. मग जवसाचं तेल, दिवसाआड एक हात, तळव्याने चोळून चोळून, जोवर तळवा गरम होत नाही तोवर.

सगळ्यात मोठं काम रंगाचं. पोलाद काळंनिळं करायचं तर आधी त्यावर गंज चढवावा लागतो. औषध लावून त्याने नळी सौनात टांगली. सौना झाल्यावर जी वाफ उरते तिच्यात दोन तासांत तांबूस मखमलीसारखा गंज येतो. मग कपडे धुवायच्या हंड्यात नळी उकळायची, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने झाडायची, पुन्हा औषध, पुन्हा वाफ. आठ वेळा. लेम्पी म्हणायची, आमच्या चादरींना आता बंदुकीचा वास येतो, आणि नवऱ्याला चादरींचा.

रंगकामाच्या आधी, नळी अजून उघडी पांढरी होती तेव्हा, मी गेले होते. त्याने ती मला धरायला दिली. दाखवायची हौस होती त्याला, दुसरं कोण होतं दाखवायला. मी ती खिडकीकडे धरली आणि मला तो शिक्का दिसला. एस. त्याच्यापुढे नंबर.

रक्षकदलाचा एस, त्यांच्या नावाचं आमच्या भाषेतलं पहिलं अक्षर. पांढऱ्यांच्या, म्हणजे जमीनवाल्यांच्या, दलाचा. एकोणीसशे अठराची यादवी सरता सरता, मे महिन्यात, लालांच्या, म्हणजे कामगारांच्या, बाजूच्या आमच्या बापाला चर्चमागच्या वाळूच्या खाणीत उभं करून गोळ्या घातल्या त्या याच दलाने. बरोबर आणखी अकरा जण होते. दलाचा प्रमुख रेकोला घराण्याचा म्हातारा मालक. मी तेव्हा आठ महिन्यांची, नेस्तोरी चार वर्षांचा. ही बंदूक पुढे दहा-अकरा वर्षांनी घडलेली, खाणीत ती नव्हती, हे मला तेव्हाही समजत होतं. पण दल तेच. आणि मंडळाचा आताचा अध्यक्ष कुस्ता, त्या म्हाताऱ्याचाच मुलगा.

मी म्हटलं, "हे खांद्यावर घेऊन फिरशील? रेकोल्याच्या मागे मागे? मग गळ्यात पट्टाच बांध ना, दिसायला बरं दिसेल."

त्याने नळी माझ्या हातातून घेतली आणि फडक्यात गुंडाळली.

पुढच्या रविवारी गेले तर शिक्का गेलेला. एसही आणि नंबरही. नेस्तोरीची कानस ती. दुसऱ्या कुणी घासला असता तर खड्डा पडला असता, उजेडात आकड्यांची सावली तरी उरली असती. याने नळीचा घेर सगळीकडून एकसारखा उतरवला, वर दगडाने घोटला. जणू तिथे कधी काही नव्हतंच. मी नंबराचं विचारलं तर म्हणाला, बोल्टवर आहे ना नंबर, तेवढा पुरे. मी खूश. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून हाताला जाणवते.

ऑगस्टात नेमबाजी झाली. चारही गोळ्या त्याने थाळीएवढ्या जागेत मारल्या. कुस्ताने बंदूक हातात घेऊन उलटीपालटी केली, दस्त्याचं कौतुक केलं, आणि नळीवरून अंगठा फिरवत विचारलं की शिक्का कुठे गेला. नेस्तोरी म्हणाला, गंजला होता, मालक. कुस्ता हसला. पोलादातलं त्यालाही कळतं.

नळी मोठी केली म्हणजे गोळी बदलली, गोळी बदलली म्हणजे परवाना बदलायचा, आणि परवाना बदलायचा तर बंदूक फौजदाराला दाखवायची. फौजदाराने परवान्यावरचा नंबर वाचला आणि नळीवर शोधला. भिंग आणलं. मग बोल्ट बघितला. बोल्टवर भलताच नंबर. डेपोत सगळ्या बंदुकांचे बोल्ट काढून एका पेटीत ओतत असत आणि बंदूक विकताना जो हाताला येईल तो लावत असत. नेस्तोरीने वर्षभर त्या बंदुकीची रेघन् रेघ बघितली होती, पण बोल्टवरचा आकडा परवान्यावरच्या आकड्याशी ताडून बघितला नव्हता. फौजदाराने बंदूक ठेवून घेतली. बिननंबरी बंदूक म्हणजे चोरीची. तीन आठवड्यांत पुरावा आणा, नाहीतर वितळवायला जाईल.

शिकार पाच आठवड्यांवर आली होती.

चौथ्या दिवशी कुस्ता रेकोला स्वतः नेस्तोरीच्या घरी आला. मी स्वयंपाकघरातच होते. लेम्पीने कॉफी ठेवली, चांगले कप काढले. कुस्ताने टेबलावर एक जुनी वही ठेवली, आणि तिच्यावर लाकडाची छोटी पेटी. वही त्याच्या बापाची. रक्षकदलाच्या सगळ्या बंदुका तिच्यात नंबरवार होत्या. नेस्तोरीची सापडली होती.

"मी फौजदाराशी बोललोय," कुस्ता म्हणाला. "वही दाखवून सही करतो म्हटलं. तो ऐकेल. फक्त बंदुकीवर नंबर पाहिजे."

"उद्याच ठोकतो, मालक," नेस्तोरी म्हणाला.

"वहीत नुसता नंबर नाही रे. आधी एस आहे. मी सही करणार ती वहीत आहे त्याच्यावर. अर्ध्यावर कशी करू?" त्याने पेटी उघडली. आत दलाचे ठसे होते, तेल लावून ठेवलेले, पंचेचाळीस वर्षं जपलेले. "हे वापर. जसं होतं तसं होऊन जाईल."

मी म्हटलं, "कुस्ता, सरळ सांग ना, नाक घासून हवंय."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "नेस्तोरी, तुझ्या बहिणीची आज कुठे सभा नाही वाटतं?"

एवढं बोलून कॉफी संपवली, लेम्पीचे आभार मानले आणि गेला. पेटी टेबलावरच होती. मला आजही सांगता येणार नाही की तो माणूस आम्हाला चिरडायला आला होता की खरंच मदत करायला. बहुतेक त्याला दोन्हींतला फरक माहीत नसावा. पिढ्यान्पिढ्या ज्यांना तो माहीत करून घ्यावा लागला नाही, त्यांचं असंच होतं.

मी नेस्तोरीला म्हटलं, टाक ती पेटी तळ्यात. वितळू दे बंदूक. दुसरी घेऊ. मी आणखी पुष्कळ बोलले. बापाचं नाव घेतलं, खाणीचं घेतलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला,

"बाप माझाही होता, सेल्मे. मला तो आठवतो. तुला नाही आठवत. आणि दलदलीत सतरा वर्षं मी होतो, तू नव्हतीस. शिक्का घास म्हणालीस, घासला. आता गप्प बस."

मी घास म्हणाले नव्हते. पण ते तिथे म्हणण्यात अर्थ नव्हता.

फौजदाराने एका दिवसापुरती बंदूक दिली. नेस्तोरीने नळी कातड्यात गुंडाळून शेगड्याच्या जबड्यात आवळली आणि ठसे ओळीने मांडले. एकेका ठशाला हातोडीचा एकच घाव. पहिला एस. माणूस मनात नसताना काम करतो तेव्हा हात जरा चुकतो. त्याचा चुकला नाही. अक्षर ताठ, आकड्यांमधलं अंतर सारखं, दलाच्या कारागिराने मारलं होतं त्याहून नेटकं. त्याने ते वाकडं ठोकलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी माफ केलं असतं.

शिकारीत मी नव्हतेच, पुढचं लेम्पीने सांगितलं. पहिल्याच शनिवारी नेस्तोरीने मोठा नर पाडला. संध्याकाळी वाटे पडले. पाठ फिरवून कुस्ताच उभा होता. सहावं की सातवं नाव त्याने साल्मेला असं घेतलं, आणि नेस्तोरीला आपण पुढे व्हायचंय हे कळलंच नाही, शेजारच्याने ढकललं. सगळे हसले. लेम्पी म्हणाली, चांगलं हसले.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. हातात कागदात बांधलेलं मांस, पाठीचं, सगळ्यात मऊ. मी दार अर्धंच उघडलं होतं. मी म्हटलं, रेकोल्याला नेऊन दे, त्याचं आहे. तो मग पुडकं पायरीवर न ठेवता परत घेऊन गेला. त्यानंतर आम्ही एकाच गिरणीत, एकाच भोंग्याला आत आणि एकाच भोंग्याला बाहेर, सहा वर्षं कामापुरतं बोललो. सहा वर्षांनी आई गेली तेव्हा शवपेटीची एक बाजू त्याने धरली आणि दुसरी मी, त्यानंतर बोलायला लागलो. पण बटाट्यांच्या वाफ्यात बोलला होता तसं तो माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही. मी विचारलंही नाही. मला लोकांना प्रश्न विचारता येतात, माझ्या भावाला मात्र विचारता नाही आले.

गेल्या फेब्रुवारीत तो वारला. मुलं स्वीडनला, बंदूक कुणालाच नको होती. लेम्पीने ती दफनाआधीच मंडळाला देऊन टाकली. दफनानंतरची कॉफी मंडळाच्याच हॉलमध्ये होती. तिथे भिंतीवर काचेच्या पेटीत ती बंदूक लावलेली, खाली टंकलेली चिठ्ठी. रक्षकदलाची जुनी बंदूक. मंडळाचे सभासद नेस्तोरी साल्मेला यांनी शिकारीसाठी नव्याने घडवली. झिजून गेलेला दलाचा मूळ शिक्का त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा उठवून जपला.

चिठ्ठी कुस्ताच्या मुलाने लिहिली होती. आता तोच अध्यक्ष आहे. मी त्याला केकच्या टेबलाशी गाठलं आणि म्हटलं, ही चिठ्ठी काढ. तो पोरगा उद्धट नाही. त्याने चिठ्ठी माझ्यासमोर पुन्हा वाचली, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून.

"यात चुकीचं काय आहे, सेल्माकाकू? शिक्का त्यांनीच मारला होता ना?"

मी म्हटलं, झिजला नव्हता.

"मग?"

सत्तर माणसं होती हॉलमध्ये. मी आयुष्यभर याहून मोठ्या गर्दीपुढे, याहून मोठ्या माणसांना तोंडावर सुनावलंय. मी तोंड उघडलं, आणि त्याच्या खांद्यावरून मला लेम्पी दिसली. काचेसमोर उभी राहून ती शेजारणींना नवऱ्याचं नाव दाखवत होती.

तिला घेऊन मी घरी निघाले. रस्त्यावर बर्फ होतं, ती माझ्या दंडाला धरून चालत होती.

"छान लिहिलंय ना गं त्यांनी?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं.