चाळिसाच्या आत

आमच्या गावात मुलांचे श्वास मोजणारी बाई म्हणजे मी. आशा सेविका म्हणून काम करायला लागून मला चौदा वर्षं झाली. खोकला झालेलं मूल दिसलं की मी आधी त्याच्या आईला दटावते आणि मग मुलाचा सदरा वर करते. एक डोळा पोटावर, एक डोळा घड्याळाच्या सेकंदकाट्यावर, आणि पूर्ण एक मिनिट. वर्षाच्या पुढच्या मुलाचे श्वास चाळीस किंवा त्याहून जास्त भरले तर दवाखाना. मूल शांत असताना मोजायचं, अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. हे सगळ्याच आशांना शिकवतात, पण सौंदडच्या आसपास या कामात माझा हात धरणारी कोणी नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायचे.

माझं तोंड फाटकं आहे, हेही गावाला माहीत आहे. "उद्या पाहू" असं एखादी आई म्हणाली की माझं डोकं फिरतं. "उद्या पाहू म्हणजे काय वं? लेकराचा श्वास का तुझ्या उद्याची वाट पाहून राह्यला?" असं मी कितीतरी जणींना त्यांच्याच छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून सुनावलं आहे. त्या मुकाट्याने पिशवी भरायच्या आणि माझ्यासोबत निघायच्या.

गेल्या वर्षी माघात उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. गावात घरोघरी मुलं तापाने पडली होती. ताप चढला की उतरायचं नाव नाही, घसा लाल, खोकला, आणि डोळे असे लाल की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. डोळ्यांची साथ आहे, असं सगळे म्हणत होते आणि मीही तेच म्हणत होते. एका घरी तर मी एका पोरीचं नाक माझ्याच पदराने पुसलं, तिला कडेवर घेऊन औषध पाजलं आणि तशीच घरी आले. दारात नातू दोन्ही हात वर करून उभा होता. त्याला उचलून घेतल्याशिवाय मी कधी पायसुद्धा धुतले नाहीत, त्या दिवशीही नाही.

तो तेव्हा एक वर्ष दहा महिन्यांचा होता. घरात आम्ही त्याला बाबू म्हणतो. पाच-सहा दिवसांनी तोही तापला.

पहिले दोन दिवस मी औषध देत होते, ओल्या फडक्याने अंग पुसत होते, श्वास मोजत होते. तिसऱ्या दिवशी त्याने आईचं दूध घेणं कमी केलं. दोन घोट घ्यायचा, तोंड सोडायचा आणि धापा टाकल्यासारखा पडून राहायचा. दुपारी माझा मुलगा धानाच्या बांधीत चिखलणीला गेला होता, घरात मी आणि सून. ती म्हणाली, "आई, बाबूचा श्वास मोजा न जी. पोट लवकर लवकर हालून राह्यलं."

सकाळी मी मोजला होता तेव्हा छत्तीस भरला होता. मी घड्याळ काढलं, त्याचा सदरा वर केला आणि पुन्हा मोजला. अडतीस. "चाळिसाच्या आत आहे," मी म्हणाले. आणि पुढे माझ्याच तोंडून निघालं, "उद्या पाहू."

सुनेबद्दल आधी सांगायला हवं. ती आमगावकडची. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला विसरभोळी ठरवून टाकलं होतं. दूध उतू जायचं, भाजीत मीठ राहायचं, मग मी म्हणायचे, हिचं कशातच लक्ष नसतं. ती उलटून बोलायची नाही, त्यामुळे मला आणखी चेव यायचा. छपरीत बाया मुलं घेऊन यायच्या, मी मोजायचे, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची. मला वाटायचं, कामचुकारपणा करते.

त्या दुपारी ती आत गेली, आपला मोबाइल घेऊन आली आणि बाबूच्या दुसऱ्या बाजूला बसली. मोबाइलमधलं घड्याळ लावून तिने ओठ न हलवता मोजलं. मग म्हणाली, "मी बी मोजले. चोपन भरले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी चौदा वर्सं झाले मोजून राह्यली. आता तू मले शिकवतेस?"

"शिकवत नाही जी. तुमी पुन्हा मोजा. पन मोठ्यानं मोजा."

मी रागानेच मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन. माझा आवाज आरामात चालला होता, जसा तो एरवी चालतो. आणि बाबूचं पोट त्याच्या पुढे पळत होतं. चार म्हणेपर्यंत ते पाच-सहा वेळा वर झालं होतं. मी मध्येच थांबले. सूप हातात घेऊन पाखडताना आपण भरलेला दाणा ठेवतो आणि पोचट उडवून देतो, तसं मी दोन दिवस करत होते. जो श्वास खोल, भरीव, तोच धरत होते. मधले उथळ, घाईचे सगळे सोडून देत होते. मला कळत नव्हतं असं नाही म्हणणार. मला कळायला नको होतं.

पुन्हा मोजलं. आता एकही सोडला नाही. छप्पन. आणि प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. दुसऱ्याच्या मुलाचा असा खड्डा मी दारातून ओळखला असता.

मी सुनेकडे पाहिलं नाही, मला तोंडच नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. मुलगा गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन पळत आला आणि तसाच आमच्यासोबत गाडीत चढला. गोंदियापर्यंत बाबूचं डोकं सुनेच्या मांडीवर होतं आणि पाय माझ्या हातात. एवढीशी पावलं तापाने फणफणली होती.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने बाबूला तपासलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, घशातला नमुना तपासायला घेतला. डोळे, घसा, छाती, सगळं एकत्र पाहून म्हणाली की हा बहुधा अ‍ॅडिनोव्हायरस असावा. मी विचारलं, सुई कोणती देता? गावात सुईसाठी हट्ट धरणाऱ्यांना मी हाकलून लावते, आणि इथे मीच हात जोडून उभी होते.

"माँजी, इसको मारनेवाली दवा नहीं है," ती म्हणाली. "ऑक्सिजन देंगे, पानी कम नहीं होने देंगे, बुखार उतारेंगे. बाकी बच्चा खुद लड़ेगा. हम उस पर नजर रखेंगे."

नजर ठेवणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. नर्स येऊन मोजून जायची, आणि मधल्या वेळात आम्ही दोघी मोजायचो. पण आता पद्धत बदलली होती. घड्याळ मी धरायचं, पोटाकडे सुनेने पाहायचं आणि मोठ्याने मोजायचं. मिनिट झालं की मी थांब म्हणायचे. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता, आणि हे मी तिला स्पष्ट सांगितलं. खाटेवर थोडी सरकून तिने मला शेजारी जागा केली.

दुसऱ्या दिवशी आकडा उतरला नाही. उलट सकाळी दोनाने वाढला. बाबू डोळे उघडायचा, चिपडांनी चिकटलेल्या पापण्यांतून आईकडे पाहायचा आणि पुन्हा मिटायचा. रडतसुद्धा नव्हता. त्याच्या रडण्याला मी किती वेळा वैतागले होते. तेव्हा मला भीती वाटली, खरी भीती, की हा आपल्या हातातून जाईल आणि मी 'चाळिसाच्या आत आहे' म्हणत बसून राहिले होते हे मला आयुष्यभर आठवत राहील. मी तोंडात पदर घालून रडायला लागले, आणि मग त्याच पदराची आठवण झाली.

सुनेला सगळं सांगितलं. त्या घरची पोर, तिचं नाक, पदर, न धुतलेले हात. "मीच आनला असन हा रोग घरी," मी म्हणाले.

ती बाबूच्या डोळ्यांवरून ओला कापूस फिरवत होती. एक डोळा पुसून झाला, कापूस टाकला, दुसरा बोळा घेतला. मग म्हणाली, "आनला असन जी. पन मोजनं बी तं तुमीच आनलं न घरी."

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती माझं मोजणं शिकत होती, हे मला तेव्हा कळलं. माझी समजूत काढण्यासाठी ती खोटं बोलली नव्हती, आणि म्हणूनच माझा जीव थोडा थाऱ्यावर आला. मी उठले, हात साबणाने धुतले आणि घड्याळ घेतलं.

त्या संध्याकाळी सत्तेचाळीस. तिसऱ्या दिवशी सकाळी चव्वेचाळीस. चौथ्या दिवशी बाबूने नाकातली नळी ओढून काढली आणि ती परत लावू देईना. हात-पाय झाडून असं भोकाड पसरलं की शेजारच्या खाटेवरची बाई हसायला लागली. मला तर त्याची दृष्ट काढावीशी वाटली. डॉक्टरने त्याला तपासलं आणि नळी आता नको, काढलेलीच राहू द्या म्हणाली. दुपारी त्याने चार चमचे पेज खाल्ली आणि आईच्या कुशीत झोपला. या वेळी सुनेने मोबाइल लावून एकटीनेच मोजलं.

"चौतीस," ती म्हणाली, आणि मोबाइल माझ्यापुढे केला. "तुमी बी मोजून घ्या."

"तू मोजलं न," मी म्हणाले. "झालं."

आता कुणाच्या घरी गेले की मी आधी हात धुवायला पाणी मागते. मग मुलाच्या आईलाच समोर बसवते आणि मोठ्याने मोजायला लावते. घड्याळ माझ्या हातात असतं. दटावणं थोडं कमी झालं आहे, पूर्ण गेलं म्हणणार नाही. "उद्या पाहू" म्हणणारी भेटली की मी तिला माझी गोष्ट सांगते, आणि ती गोष्ट ऐकून कुणी उद्याची वाट पाहत नाही.

बाबू आता तीन वर्षांचा होईल. परवा उन्हातून हिंडून आले आणि छपरीत आडवी झाले. तो आला, माझ्या मनगटावरचं घड्याळ उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या पोटावर हात ठेवून बसला. "आजी, चूप," म्हणाला. मग मोठ्याने मोजायला लागला: एक, दोन, पाच, तीन, दहा.

आतून सुनेने हाक मारली, "किती भरले रे बाबू?"

"दहा!"

"अन् आजीले दवाखान्यात न्यायचं काय?"

त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, पुन्हा पोटावर हात ठेवला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. मी हलले नाही.