दारातली फळी

मंगळवारी सकाळी पाळणाघरात मी पडले. डाव्या अंगठ्याने टाइप करतेय, चुका काढत बसू नका.

इथे कुंभकोणमला मी पोरं सांभाळायच्या कामाला आहे. रांगणारी पोरं बाहेर जाऊ नयेत म्हणून खोलीच्या दारात गुडघ्याएवढी फळी खाचेत बसवलेली असते. पोरांना ती अडवते… आणि आम्ही दिवसभर ती ओलांडतो, मूल कडेवर घेऊन. कडेवर मूल असलं की स्वतःचा पाय दिसत नाही.

एक बाप घाईत बाळ देऊन गेला. बाळाला घेऊन आत जाताना माझी साडी फळीत अडकली. फळी निघाली, मी दारात आडवी… बाळ माझ्या अंगावर, उजवा हात माझ्याखाली. हातात कट्ट वाजलं.

बाळ जोरात रडलं. म्हटलं, चला, हे ठीक आहे.

मग बाहेर बघितलं. त्या शहाण्याने फाटक उघडंच टाकलं होतं! व्हरांडा, दोन पायऱ्या, की सरळ रस्ता… रिक्षा, बाइका. आणि दार मोकळं दिसल्यावर आतली सगळी पोरं रांगत निघालेली.

माझ्याबरोबर काम करणारी सेल्वी मागे न्हाणीत एकाला धूत होती, नळ सोडून. "सेल्वी, सीक्रम वा!" लवकर ये म्हणून ओरडले… तिला ऐकूच जाईना.

उठायला गेले तर डोळ्यापुढे अंधार. मग उठलेच नाही. दार अडवून तशीच पडून राहिले. पोरांना वाटलं खेळ. एक पोटावर चढली, एकाने केस धरले. एक तर मोडक्या हातावर गुडघा देऊन पलीकडे निघाला… त्याची चड्डी मी दातात धरली. खरंच, दातात.

शेवटी सेल्वी धावत आली. "अय्यो अक्का, उठा!"

"आधी फाटक लाव. मग मला उठव."

मनगट मोडलंय, प्लास्टर आहे. मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, पोरं ठीक आहेत ना, मग झालं… जरा बघून चालायचं. मी फोन ठेवला. मग परत लावून सांगितलं, फळी काढा, कडीचं छोटं दार बसवा, तोवर मी येत नाही. बसवते म्हणाल्या.

सेल्वी रोज संध्याकाळी फोन करते. मी एकच विचारते, दार बसलं का? अजून नाही, अक्का.

आता माझ्या वाटची पोरंही तीच एकटी उचलते, आणि ती फळी ओलांडते… देवा, तिचा पाय नीट पडू दे.