स्वखुशीने

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या संघटनेचं ऑफिस मुरबाडच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. एक टेबल, दोन सतरंज्या आणि अर्जांच्या फायली. नव्वदच्या दशकात मी तिथे अर्ज लिहायला म्हणून लागले आणि दहा-बारा वर्षं राहिले. फायली पुढे वाळवीनं खाल्ल्या, किस्से शाबूत राहिले. त्यातले बरेचसे दोघांचे. एक हिराबाई, मुरबाडकडच्या डोंगरातल्या ठाकरवाडीची. दुसरा गोटीराम, आमच्या किन्हवलीजवळच्या कातकरी वाडीवरचा.

* * *

सुरुवातीलाच एक शिबिर झालं. मुंबईहून वकीलबाई आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'मानवी हक्क' लिहिलं आणि विचारलं, "म्हणजे काय? कोण सांगेल?"

शेवटी हिराबाई उठली.

"जंगलाचा गार्ड आमच्या घरात शिरतो, तो बूट घालून शिरतो. पार चुलीपर्यंत. आमी त्याच्या हापिसात गेलो तर चपला भायेर काढायला लावतात. एक तर त्यानं काढावे, नाय तर आमी बी घालून जाऊ."

वकीलबाईंनी खडू खाली ठेवला. व्याख्यानाची चार पानं त्यांनी लिहून आणली होती, ती पर्समध्येच राहिली.

पुढच्या सोमवारी हिराबाई त्या हापिसात गेली. मी सोबत होते. दारात शिपायानं हात आडवा केला, "बाई, चपला."

हिराबाईनं खाली पायांकडे पाहिलं. "हां, नव्याच हायत," म्हणाली आणि आत गेली.

* * *

हिराबाईला रेशन कार्ड हवं होतं. कचेरीतल्या क्लार्कनं अर्ज वाचला आणि पेन ठेवलं.

"कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याचं नाव लागतं."

"तो नाय इथं. एकोणीस वर्षं झाली."

"वारला का?"

"नाय. भिवंडीला हाय. दुसरं घर केलंय त्यानं."

"जिवंत आहे ना? मग त्याचंच नाव लागेल."

"एकोणीस वर्षं त्याचंच नाव लावते, सायेब. घरात एक दाना आला नाय. आता माझं लावून बघा."

क्लार्कनं अर्ज परत केला. आम्ही पुन्हा गेलो. पुन्हा परत. सात खेपा झाल्या, त्यातल्या दोन भर पावसात. सातव्या खेपेला हिराबाईनं शिदोरी सोडली आणि टेबलासमोरच जेवायला बसली. तिची आठव्या खेपेची तयारी क्लार्कला दिसली असावी. कार्ड तिच्या नावानं निघालं.

परतीच्या एस्टीत जागा होती, पण ती बसली नाही. कार्ड छातीशी धरून, नावाची बाजू लोकांकडे करून, स्टॉप येईपर्यंत उभी राहिली.

* * *

मी तेव्हा भाषण करायला शिकत होते. हिराबाईच्या वाडीवर बायकांपुढे अर्धा तास स्वातंत्र्यावर बोलले. बाईनं कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, हे तिचं तिनं ठरवायचं, असं सगळं. बोलून झाल्यावर हिराबाईनं विचारलं,

"हितं येताना घरी इचारलंस गो?"

"विचारलं ना. बापूंना."

"आनि बापू भायेर जाताना कोनाला इचारतात?"

बायका हसल्या, मीही हसले. पण किन्हवली येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. रोज सकाळी निघताना मी वडिलांना म्हणायची, "जाऊ का?" दुसऱ्या दिवशी म्हटलं, "जाते."

बापूंनी मान वर केली. आईनं माझ्या हातातला डबा परत चुलीकडे नेला. दुपारी डबा उघडला तर रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त होती.

* * *

कुणाच्या कोंबड्या गेल्या की कातकरी वाडीवर जीप यायची. चोर कोण ते मागाहून, आधी कातकरी. असंच एकदा गोटीरामला एका चौकीवर नेलं. मी आणि त्याची बायको मागोमाग पोहोचलो, तर हवालदारानं लिहिलेला चोरीचा कबुलीजबाब त्याच्यापुढे ठेवला होता. "अंगठा दे आणि सूट."

गोटीराम दोन वर्षं आमच्या साक्षरता वर्गाला येत होता. चाळिशी उलटलेला माणूस, बाराखडीनं त्याला फार छळलं होतं. तो म्हणाला, "वाचून घेतो."

"तू वाचणार?"

"येल लागंल."

वेळ लागलाच. एकेका अक्षराला बोट लावत, जोडाक्षराला अडखळत तो वाचायला लागला. हवालदाराचा चहा आला, पिऊन झाला, तरी गोटीराम दुसऱ्याच ओळीवर. मग तो थांबला.

"सायेब, हितं 'स्वखुशीने' लिवलंय. त्याचा अर्थ काय?"

"आपल्या मर्जीनं. कुणी जबरदस्ती केली नाही, असं."

गोटीरामनं कागद नीट सरळ करून टेबलावर ठेवला. "मंग मी स्वखुशीनं घरी जातो."

तो उठला. हवालदारानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मांडीवर वही उघडी होती आणि पेन चालू होतं. त्यानं अडवलं नाही. बाहेर आल्यावर गोटीराम पहिल्याच वडाखाली बसला आणि आम्ही तिघं तासभर तिथून उठलो नाही.

* * *

पुढे ग्रामपंचायतीत आरक्षण आलं आणि हिराबाई सरपंच झाली. पहिल्याच मीटिंगला उपसरपंच तिला म्हणाले, "सरपंचाच्या खुर्चीचा पाय मोडलाय. तुम्ही आज खाली बसा." बाकीच्या सहा खुर्च्या धडधाकट होत्या. त्यांवर सहा पुरुष बसलेले.

हिराबाई खाली बसली आणि ग्रामसेवकाला म्हणाली, "लिवा. सरपंचाच्या हुकमानं आजची सभा सतरंजीवर."

"असा नियम नाही," उपसरपंच म्हणाले.

"वर बसायचा कुटं हाय? दाखवा."

ग्रामसेवकानं पुस्तक चाळलं. नियम सापडला नाही. एकेक जण खाली उतरला. उपसरपंचांना मांडी घालता येत नव्हती, गुडघे धरलेले. त्या दिवशी वाडीच्या विहिरीपासून शाळेच्या कौलांपर्यंत सगळे विषय घेतले गेले. सभा तीन तास चालली.

पुढच्या मीटिंगला खुर्ची दुरुस्त होती.

* * *

हा शेवटचा मी फार कुणाला सांगत नाही, कारण तो आमच्या घरचा आहे.

किन्हवलीच्या एस्टी स्टँडसमोर बापूंचं चहाचं हॉटेल होतं. आत काचेचे ग्लास. बाहेरच्या खिडकीत, पत्र्याखाली, कान तुटलेला एक कप. तो वाडीवरच्यांसाठी. प्यायचा, आपला आपण धुवायचा, परत ठेवायचा. लहानपणापासून तो कप मी बघत आले होते. गावोगाव समतेवर बोलत होते आणि संध्याकाळी त्याच खिडकीवरून घरी जात होते.

एकदा शहापूरची मीटिंग आटपून मी आणि गोटीराम दुपारी स्टँडवर उतरलो. मी म्हटलं, "चल, चहा घेऊ." तो माझ्या मागून आत आला आणि बाकावर बसला. बापूंनी माझा चहा ग्लासात ओतला. मग खिडकीतून तो कप काढून त्याच्यासमोर ठेवला. गिऱ्हाईक बघत होतं. मी खाली मान घालून बसले.

गोटीराम म्हणाला, "बापू, कप नको. ग्लासात द्या."

"ग्लास मग धुवायचा कोणी?"

"मी धुतो."

"धू मग."

गोटीराम उठला. बादलीजवळ उकिडवा बसला आणि एक ग्लास विसळला. मग दुसरा. मग फळीवरचे सगळे खाली घेतले, उष्टे आणि धुतलेले, एकूण एक. राखेनं घासून, दोन पाण्यांतून काढून त्यानं ते फळीवर उपडे मांडले. माझ्यापुढचा ग्लासही, मी चहा संपवल्यावर, उचलून नेला, धुतला आणि त्यांतच ठेवला.

हात पुसत तो बापूंसमोर उभा राहिला.

"धुतले. आता यातला माझा कुटला, ते तुमी सांगा."

बापूंनी फळीकडे पाहिलं. स्टोव्हवरचं दूध वर आलं, ते त्यांनी उतरवलं. मग रांगेतून दोन ग्लास उचलले, चहा ओतला. एक गोटीरामच्या हातात दिला. दुसरा तिथेच, उभ्यानं, स्वतः प्यायले.