क्लॅरिनेटवर टेकणारा दात

"तुमची रूट कॅनाल फेल झालीय," चामराजपेटच्या दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा खरं सांगतो, आधी मी हसलोच. इतके दिवस मी शिव्या घालत होतो त्या क्लॅरिनेटच्या रीडला, माउथपीसला बांधायच्या बोरूच्या पातळ पातीला!

मी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकवून फुंकायचं. दातात कळ आली, सूर तडकला, की मी रीड बदलायचो. डबाच रिकामा केला हो! हिरडीवरची पुळी फुटून दुखणं थांबलं, तर म्हटलं, सुटलो. तुम्ही असं समजू नका. पुळी फुटली तरी आत पू साचत राहतो.

एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळा डाग होता. पेरिएपिकल अ‍ॅबसेस, म्हणजे मुळाच्या टोकाला पुवाची पिशवी.

उपाय तीन. एक, दात काढून ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने खोटा दात. दोन, रूट कॅनाल पुन्हा करणं. पण माझ्या मुळात पहिल्या वेळीच धातूची काडी बसवलेली, ती उपसताना मूळ चिरायची भीती. तीन, अ‍ॅपिकोएक्टॉमी, म्हणजे हिरडी उघडून मुळाचं टोकच कापायचं.

"काढून टाका की एकदाचा!" माझी बायको सुमन म्हणाली.

"अगं, मग फुंकू कसा?" मी ओरडलोच. वाजवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही, आणि यावं असं कधी वाटलंही नाही.

डॉक्टरबाईंना हे सांगितलं. "सरी अण्णा, बरं," त्या आपल्या कानडी वळणात म्हणाल्या, "उद्या क्लॅरिनेट घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीत बसून मी क्लॅरिनेट तोंडात धरला. बाहेरचे पेशंट दारातून डोकावायला लागले. बाईंनी आरशाने नीट पाहिलं. सगळा भार त्याच दातावर.

"खोट्या दाताने वाजवायची सवय नव्याने करावी लागेल. तुमचं मूळ लांब आहे, टोक कापलं तरी दात टिकेल असं वाटतं. खात्री मात्र देत नाही."

"वाटतंय ना? मग कापा!"

भूल दिल्यावर नुसती खरखर जाणवली. ओठ असा सुजला की बँडवाले हसून हसून बेजार. टाके निघाले तरी बाईंचं "स्वल्प थांबा", म्हणजे वाजवायला जरा थांबा, चालूच. ते थांबणं फार जड गेलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना दात दाखवाच, पण त्या दाताचं तुम्हाला काय काम पडतं तेही सांगा. मी सांगितलं म्हणूनच बाईंनी माझं वाजवणं विचारात घेतलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या एक्स-रेत डाग लहान झाला होता. "वाजवा," बाई म्हणाल्या.

घरी आलो, दात टेकवला, भीतभीत फुंकलं. कळ नाही! सूर जरा डगमगला, मग सरळ झाला. मी वरातीचं सगळं वाजवत सुटलो. स्वयंपाकघरात स्टोव्ह भरभरत होता. सुमनने तो बंद केला, दारात येऊन बसली आणि म्हणाली, "आता ऐकू येतंय. पहिल्यापासून वाजवा."