अण्णांच्या मशीनवरचं कुंकू

मंडळी, आज जे झालं ते कुणाला तरी सांगायचं म्हणून लिहितोय.

नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी मशीन दुरुस्तीचं काम करतो. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर अण्णा वारले. काल त्यांचा दहावा झाला आणि आज सकाळी ते गेल्यापासून बंद असलेलं त्यांचं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन मी चालू करायला घेतलं.

स्क्रीन उजळली आणि पहिल्याच पानावर अडकली. चार वेळा बंद-चालू केलं, सप्लाय तपासला, केबल काढून परत लावल्या. मशीन ढिम्म. मालक म्हणाले, "कंट्रोलर गेला वाटतं, मशीनचा मेंदूच."

तेवढ्यात पॅकिंगच्या सुनीताताई म्हणाल्या, "दादा, आन्ना रोज आदी बटनाला कुंकू लावायचे आन मग ते हिरवं बटन नखानं वर उचलायचे. मला वाटलं, त्यांची सवय हाय."

बटणाच्या फटीत कित्येक वर्षांचं कुंकू वाळून बसलं होतं. त्यामुळं बटण दबलेलंच राहायचं आणि कंट्रोलर पुढं सरकत नव्हता. ब्रशनं निघेना, म्हणून मी नखानं खरवडून काढलं. मशीन लगेच चालू झालं.

सगळे खूश झाले. मला काहीच वाटलं नाही. काल दहाव्यालाही वाटलं नव्हतं.

घरी येऊन तीनदा हात धुतले, तरी नखात लाल आहेच. माझ्या जागी तुम्ही असता, तर उद्या सकाळी त्या बटणाला कुंकू लावलं असतं का?