दोरीच्या आतलं विमान

चांगलं काम काढावं, तर काम जागेवरच राहतं आणि भोवती किस्से साचतात, ऊसतोडीमागे पाचट साचावं तसे. माझ्या विमान निरीक्षण मंडळाचं तेच झालं. विलायतेत इंजिनिअर होऊन तापीकाठच्या गावी परतलो, तो लोकांना आकाशाकडे बघायला शिकवायचं ठरवूनच. तिकडे शहाणीसुरती माणसं विमानतळाच्या कुंपणाशी तासन् तास उभी राहून विमानं ओळखत. मग आमच्याकडे का नाही?

पहिल्या बैठकीअखेर दोघेच उरले. माझे चुलते भिका नाना, आणि शेजारच्या केळीबागेचे म्हातारे गिरधर आप्पा. पंख कसे पाहावेत, इंजिनं कशी मोजावीत, सगळं मी जीव तोडून सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हाई देखीसन काय भेटस?"

"काही नाही नाना. ज्ञान."

"हाईच शिकाले तू समुद्र वलांडी गयथा?"

* * *

पासष्टच्या लढाईत विसरवाडीच्या फाट्यावर मी दुर्बीण लावून उभा होतो. हवालदाराने हेर म्हणून धरलं. सोडताना त्याने नियम सांगितला, की विमानाकडे पाहायचं नाही.

"आणि दिसलंच तर?"

"दिसलं तर खाली पाहायचं."

दुर्बीण मात्र त्याच्याकडेच राहिली. लढाई थांबल्यावर मागायला गेलो, तर तो फाट्यावर तीच डोळ्याला लावून उभा! नवापूरची एसटी लांब वळणावर दिसली की तो ओरडून सांगे, आणि लोक सामान उचलत. मी हात पुढे केला तेव्हा हवालदाराने दुर्बीण डोळ्यावरून काढलीच नाही. गाठोडं घेतलेली एक बाई बोलली.

"भाऊ, तुन्हं इमान कव्हय येस? यष्टी तं रोज येस."

मी दुर्बिणीशिवाय परतलो.

* * *

पुढे आप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नजर जाणार, जे पाहायचं ते पाहून घ्या. मुलांनी काशी-द्वारकेची तयारी धरली. आप्पा म्हणाले, "तीरथ कोठे जास? माले इमान देखनं शे. जवळथीन."

मी त्यांना आणि नानांना मुंबईच्या विमानतळावर नेलं. पाहण्याच्या गच्चीवर खाद्यपदार्थ न्यायला बंदी होती. नानांच्या फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा होता. अन्न टाकायचं नाही म्हणून त्यांनी दारातच फडकं सोडलं, आणि समोर माणूस उभा असताना एकट्याने कसं खायचं म्हणून पहारेकऱ्यालाही बसवलं. पहिल्या घासालाच त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तेवढ्यात विमान उडालं, आणि आमच्या गाडीची वेळ झाली.

परतीच्या गाडीत मी चिडून विचारलं, काय मिळवलंत?

नाना म्हणाले, "आमी नई देखं. पन त्या पहारेवालानी बी नई देखं."

आप्पा खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. बाहेरचं त्यांना किती दिसत होतं, विचारायचा मला धीर झाला नाही.

* * *

त्या पावसाळ्यानंतर आमच्या भागात कपाशीवर फवारणी करणारं छोटं विमान आलं. माळ सपाट करून धावपट्टी केलेली, भोवती दोरी, आणि दोरीच्या आत कुणी यायचं नाही असा हुकूम. मी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं नाही. आता आप्पांना माणूस आणि खांब यांतला फरकही कळेनासा झाला होता. शेवटी एका दुपारी मी त्यांना तसाच घेऊन गेलो. नाना बरोबर होतेच.

पहारेकरी खापर गावाकडचा, काठीवाला. "दोरीना आत नई," एवढंच म्हणे. मी त्याला विलायतेतले नियम सांगत बसलो. नाना त्याच्या गावातली सोयरीक शोधत बसले. विमान उतरलं, इंजिन थांबलं, तरी आमचं चालूच.

वळून पाहतो तो आप्पा दोरीखालून केव्हाच गेलेले. आवाज जिथे थांबला होता, तिथे हात पुढे करून चालले होते. पहारेकरी काठी उगारून धावला. मीही धावलो.

आम्ही पोचलो तेव्हा आप्पांचा पंजा विमानाच्या नाकाडावर होता. बैलाच्या मानेवरून फिरवावा तसा त्यांनी तो सावकाश फिरवला आणि एका जागी थांबवला.

"तापेल शे रे. कव्हानं उडी ऱ्हायनं?"

पायलट परप्रांतातला. मी त्याला विचारून सांगितलं, सकाळपासून.

आप्पा रागावले. "अन् याले कोनी पानी दाखाडं का नई?"

पहारेकऱ्याची काठी खाली आली. तो माझ्याकडे पाहिना, पायलटकडेही पाहिना. विहिरीकडे गेला, बादली भरून आणली आणि विमानाच्या नाकासमोर ठेवली.

पायलट बाजूला सरकला.