खुंटावरची साक्ष

जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यात कायदा शिकलेली दुर्गा नाखवा एकटीच. सकाळी आई सत्यवतीची म्हावऱ्याची पाटी बाजारात पोचवायची आणि मग साडी बदलून, एसटीने ठाण्याला वकिलाच्या कचेरीत जायचं. एल्एल.बी. तिने अशीच केली, एल्एल.एम.ही.

१९९३ साली तिने पीएच.डी.चं मनावर घेतलं. विषय दारातलाच होता. खाडीत डोलीचं, म्हणजे पिशवीसारखं जाळं बांधायला तळात रोवलेले प्रत्येक घराचे खुंट ठरलेले असत. त्यावरून भांडण झालं की पंच ओहोटीला दोन्ही बाजूंना होडीतून तिथे नेत. ज्याला जे म्हणायचं ते त्याने खुंटावर हात ठेवून म्हणायचं. निरोप चालत नसे, चिठ्ठी तर नाहीच. साक्षीदार तापाने पडला, तर निवाडा पुढच्या ओहोटीपर्यंत थांबे. हा कायदा दुर्गाने कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता.

ज्या समाजातून कायद्यात आजवर कुणी डॉक्टर झालेलं नाही, तिथल्या मुलामुलींसाठी मुंबईतला एक न्यास शिष्यवृत्ती देत होता. ती मिळाली तरच दुर्गाला कचेरी सोडून अभ्यासाला बसता येणार होतं. मुलाखतीला येताना समाजातल्या जाणत्या माणसाचं पत्र आणायचं होतं: मुलगी कशी आहे, आणि तिच्या अभ्यासाला गावाची हरकत नाही ना.

ती पंचांचे म्होरके गोवर्धनकाका यांच्याकडे गेली. जाळं विणता विणता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कवा हाय? कुठं?"

तिने तारीख आणि पत्ता सांगितला.

"बरं," काका म्हणाले, आणि पुन्हा जाळ्यात गुंतले.

पंधरा दिवस झाले तरी पत्र नाही. विचारलं की म्हणत, "होईल गो." सत्यवती वैतागली. "भांडनात तोंडाचा पट्टा चालतो त्याचा, आनि चार वळी लिवायला हात आखडलाय."

दुर्गाच्या मनात वेगळंच होतं. खुंटावर जाणाऱ्या होडीत बाईला घेत नसत. बाईने त्या होडीबद्दल लिहावं, हे काकांना रुचलं नसणार.

ती रिकाम्या हातानेच न्यासाच्या फोर्टातल्या कचेरीत मुलाखतीला गेली. समितीच्या प्रमुख हंसाबेन निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी कागद उलटसुलट पाहिले.

"पत्र कुठे आहे?"

"नाही मिळालं, मॅडम."

"मग अर्ज अपुरा राहिला ने, बेटा."

तेवढ्यात शिपायाने दार ढकललं. त्याच्या मागे गोवर्धनकाका, लग्नकार्याला घालतात तो कोट आणि कमरेला लाल चौकड्यांचा रुमाल. खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत.

"मी गोवर्धन. हिला जन्मापासून वळखतो. विचारा काय विचारायचं ते."

"आम्ही पत्र मागितलं होतं."

"पत्राला उलट विचारता येतं का, बाई?"

हंसाबेननी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वीस वर्षं कोर्टात त्या हीच गोष्ट वकिलांना बजावत आल्या होत्या. मग त्यांनी काकांना खरोखरच उलट विचारलं, अर्धा तास. काकांनी एकाही उत्तराला आडवळण घेतलं नाही. शेवटी त्या दुर्गाकडे वळल्या.

"तू स्वतः असा निवाडा पाहिलास?"

काका शेजारीच उभे होते. दुर्गाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"नाही. त्या होडीत बाईला घेत नाहीत. मी हेही लिहिणार आहे."

"खरं आहे?" हंसाबेननी काकांना विचारलं.

"खरं हाय," ते म्हणाले. "लिवू दे."

त्यांचं बोलणं कारकुनाने तिथेच उतरून घेतलं आणि काकांनी खाली सही केली. महिन्याभराने शिष्यवृत्तीचं पत्र आलं. सत्यवतीने ते बाजारभर फिरवलं; शेजारच्या गुजराती दुकानदाराला हिंदीत अर्थ सांगितला, तोही वाढवून.

त्यानंतर नाथा आणि आत्माराम यांचा खुंटावरून तंटा झाला. ओहोटीला होडी निघायच्या वेळी काकांनी दुर्गाला बोलावणं पाठवलं.

"काका, बाईला घ्यायची?" नाथा म्हणाला.

"तिनं साहेबलोकांपुढं आपलं उनं सांगितलं, मी हो म्हटलं. आता परत तेच सांगाया लावू का तिला? सरक तिकडं."

काठावरून सत्यवती ओरडली, "नाथा, होडी नीट धर. वकील लेक बसतेय माजी."

१९९७ साली दुर्गा डॉक्टर झाली. प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्याच ओहोटीपासून सुरू होतं. एक प्रत गोवर्धनकाकांच्या देव्हाऱ्याशेजारी असते. आल्यागेल्याच्या हातात ते ती आपणहून ठेवतात. कुणी पानं चाळून मान डोलावली, की काकांचं समाधान होत नाही.

"नुसतं वाचून काय कळतंय," ते म्हणतात. "बाजारात जा. आज दुर्गाला सुट्टी हाय, आईच्या बाजूला बसली असंल. विचार तिला काय उलट विचारायचं ते."